टुटू : एका नृत्यवस्त्राचा इतिहास

वस्त्रांचा इतिहास हा बहुधा राजांच्या, सरदारांच्या आणि श्रीमंत स्त्रियांच्या हौसेचा इतिहास असतो. ज्याला मिरवावयाचें त्यानें वस्त्र पसंत करावें, शिंप्यानें तें शिवावें, आणि दहावीस वर्षांनीं जुनें झालें म्हणून सर्वांनींच तें टाकून द्यावें, असा त्याचा ठरलेला क्रम. परंतु युरोपांतील बॅले या नृत्यप्रकारांत एक वस्त्र असें आहे कीं, जें या क्रमाला जुमानीत नाहीं. पांढऱ्या जाळीचे थरावर थर बसवून केलेला, कमरेपासून चोहोंकडे ताठ पसरलेला आणि नर्तकीचे पाय जवळजवळ संपूर्ण मोकळे ठेवणारा तो आखूड घेर आमच्या वाचकांनीं चित्रांतून, चित्रपटांतून किंवा निदान चावीच्या पेटीवर गिरक्या घेणाऱ्या बाहुलीच्या अंगावर खात्रीनें पाहिला असेल. त्याला 'टुटू' म्हणतात. शब्दहि गमतीचा आहे. फ्रेंच मुलांच्या बोबड्या बोलींत शरीराच्या बैठकीच्या भागाला जो लाडका शब्द आहे, त्याचेंच हें रूप होय असें बहुतेक कोशकार मानतात. नृत्यवस्त्र या अर्थानें तो १८८१ च्या सुमारास छापून आलेला आढळतो.

नांव असें पोरकट, आकार असा चमत्कारिक, आणि रोजच्या व्यवहारांत उपयोग शून्य. तरीहि जवळजवळ दोनशें वर्षें हें वस्त्र रंगभूमीवर टिकून आहे आणि पडदा वर जातांच आजहि प्रेक्षकांच्या तोंडून नकळत उद्गार काढवितें. याचें कारण काय असावें? आमच्या मतें कारण असें कीं, इतर वस्त्रें पाहणाऱ्याच्या डोळ्यांनीं ठरविलीं. हें वस्त्र नाचणारीच्या पायांनीं ठरविलें. मात्र या वस्त्राचा हलकेपणा फार महाग पडलेला आहे. ती किंमत कोणीं दिली हें विसरून त्याचें नुसतें सौंदर्य पाहणें म्हणजे अर्धेंच पाहणें होय, असें आम्हांस वाटतें.

बॅलेचें बालपण इटली आणि फ्रान्स येथील राजदरबारांत गेलें. चौदावा लुई स्वतः हौशी नर्तक होता. त्यानें इ. स. १६६१ मध्यें पॅरिस येथें नृत्याची अकादमी स्थापन केली. परंतु तेथील सार्वजनिक रंगभूमीवर पेशानें नाचणाऱ्या स्त्रिया दिसूं लागल्या त्या १६८१ पासून. तोंपर्यंत आमच्या जुन्या मराठी रंगभूमीप्रमाणें तेथेंहि स्त्रियांचीं कामें पुरुषच करीत. स्त्रिया आल्या, पण त्यांच्याबरोबर दरबारी पोषाखहि आला. कमरेच्या दोन्ही बाजूंस सांगाडे बांधून फुगविलेला घेर, जरीचें जड कापड, उंच टांचांचे जोडे आणि पुष्कळदां तोंडावर मुखवटा, अशा थाटांत त्या रंगभूमीवर उभ्या राहत. उड्या आणि गिरक्या हा पुरुषांचा प्रांत होता. स्त्रीनें डौलानें चालावें आणि लवावें, एवढीच अपेक्षा. ज्या वस्त्रांत पाऊलच दिसत नाहीं, त्या वस्त्रांत पावलाची कला वाढणार कशी?

या बंदिवासाला पहिला धक्का दोन मुलींनीं दिला. मारी कामार्गो ही १७२६ मध्यें पॅरिसच्या रंगभूमीवर आली. अधांतरीं असतांना पाय झरझर एकमेकांपुढें अदलाबदल करण्याची पुरुषी उडी तिला साधली होती; आणि साधलेली गोष्ट लोकांना दिसावी म्हणून तिनें आपला झगा घोट्याच्या वर उचलून घेतला. चारपांच बोटेंच काय तीं, पण त्यावरून गांवभर चर्चा झाली. तिची प्रतिस्पर्धी मारी साले हिनें दुसरा मार्ग धरला. १७३४ सालीं लंडनमध्यें एका ग्रीक कथेवरील नृत्यांत ती सांगाडा, मुखवटा आणि केसांचा टोप हीं सर्व टाकून, ग्रीक पुतळ्यासारखी साधी मलमल नेसून, मोकळ्या केसांनीं उभी राहिली. एकीनें पायाला मोकळीक मागितली, दुसरीनें सबंध देहाला. पुढें १७६० मध्यें नोव्हेर या नृत्यशिक्षकानें आपल्या प्रसिद्ध पत्रांतून सांगाडे व मुखवटे यांवर टीकेची झोड उठविली. पण त्याच्या तत्त्वज्ञानाआधीं या दोघींचें आचरण झालेलें होतें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

यानंतर एकदम सत्तरएक वर्षें ओलांडून आपण १२ मार्च १८३२ च्या रात्रीं पॅरिसच्या ऑपेरांत जाऊं. त्या रात्रीं 'ला सिल्फीद' नांवाचा बॅले प्रथम झाला. स्कॉटलंडांतील एक तरुण शेतकरी ऐन आपल्या लग्नाच्या दिवशीं एका वायुकन्येच्या नादीं लागतो, तिला धरावयास जातो, आणि त्यांतच तिचे पंख गळून ती मरते, एवढेंच कथानक. वायुकन्येचें काम मारी ताल्योनी हिनें केलें आणि नृत्यरचना तिच्या वडिलांची होती. वडिलांची शिस्त इतकी कडक कीं, मुलीला भोंवळ येईपर्यंत सराव करवीत. तिच्या अंगावर घट्ट चोळी आणि पोटऱ्यांच्या मध्यापर्यंत येणारा घंटेच्या आकाराचा, पांढऱ्या विरळ कापडाचा अनेक पदरी घेर होता. हाच टुटूचा आद्य अवतार. यालाच आज 'रोमँटिक' टुटू म्हणतात. पायांत टोंकाला दोऱ्यानें रफू करून घट्ट केलेले साटिनचे जोडे होते, आणि पायाच्या बोटांच्या अग्रावर ती क्षणभर उभी राही तेव्हां भूमीशीं तिचा संबंध उरलाच नाहीं असा भास होई.

हा भास एकट्या प्रतिभेनें झाला नाहीं. त्यांत यंत्रयुगाचाहि हात होता. पॅरिसच्या ऑपेरांत १८२२ पासून गॅसचे दिवे आलेले होते. मेणबत्त्यांच्या पिवळट उजेडापेक्षां हा उजेड कमीजास्त करतां येई, आणि त्याच्या मंद निळसर प्रकाशांत पांढरें विरळ कापड चांदण्यासारखें दिसे. दुसरें म्हणजे जाळी. पूर्वी बारीक जाळी हातानें विणावी लागे व ती धनिकांनाच परवडे. जॉन हीथकोट या इंग्रज कारागिरानें १८०९ मध्यें ती विणणाऱ्या यंत्राचा हक्क मिळविला. १८१६ मध्यें चिडलेल्या कामगारांनीं त्याच्या लफबरो येथील कारखान्यांतील पन्नासांहून अधिक यंत्रें फोडून टाकलीं, तेव्हां तो आपलें बिऱ्हाड घेऊन डेव्हनमधील टिव्हर्टन येथें गेला. ज्या तलम मलमलीचें नांव बंगालमधील ढाक्याच्या विणकरांनीं जगभर केलें, तिचा धंदाहि याच काळांत विलायती गिरण्यांच्या मालापुढें बुडाला. तेव्हां रंगभूमीवरील त्या अशरीरिणीच्या अंगावरील ढग कारखान्याच्या धुरांतूनच निघालेला होता, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

त्यानंतर १८४१ मध्यें आलेल्या 'झिझेल' या बॅलेनें ही पांढऱ्या वस्त्राची प्रथा पक्की केली. लग्नाआधीं मेलेल्या मुलींचे आत्मे रात्रीं रानांत जमून नाचतात, असा त्याचा दुसरा अंक आहे. एका नर्तकीच्या जागीं वीसपंचवीस नर्तकी, सर्वांचा एकच पोषाख, आणि सर्वांची एकच हालचाल. 'श्वेत बॅले' या नांवाखालीं हा प्रकार पुढें रूढ झाला.

येथें एका योगायोगाची आठवण होते. ताल्योनीनें १८३० मध्यें एका संगीतिकेंत हिंदी देवदासीची भूमिका केली होती. आणि आठच वर्षांनीं, १८३८ मध्यें, पुदुचेरीच्या बाजूच्या खऱ्या देवदासी आपल्या वादकांसह पॅरिसला आल्या. त्यांच्यांतील अमानी नांवाच्या नर्तकीची गोतिए या कवीनें, म्हणजे 'झिझेल'च्या कथालेखकानेंच, तोंड भरून स्तुति केली. पॅरिसकरांनीं पाहिलें कीं, ही नर्तकी भूमि सोडून जाऊं पाहत नाहीं. ती गुडघे वांकवून भूमीवर पाय आपटते, आणि घुंगरांनीं त्या आघाताचा हिशेब देते. तिचें वस्त्रहि त्या कामाला साजेसें, दोन्ही पायांना वेगवेगळें आवळलेलें. आमच्या नऊवारीच्या काष्ट्याचेंहि तेंच रहस्य आहे. पायाला भूमीशीं बोलावयाचें असेल तर वस्त्र एक प्रकारचें होतें, भूमीचा निरोप घ्यावयाचा असेल तर दुसऱ्या प्रकारचें होतें. वस्त्राच्या चांगुलपणाची ही कसोटी एकदां मान्य केली म्हणजे, अंग किती झांकलें आणि किती उघडें टाकलें, या प्रश्नाचें महत्त्व पुष्कळच कमी होतें.

आतां या हलकेपणाच्या किंमतीकडे वळूं. गॅसच्या उघड्या ज्योती रंगभूमीच्या पुढच्या कडेला आणि पंखांत रांगेनें जळत असत, आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर खळ घातलेल्या विरळ कापडाचे घेर फिरत असत. जें कापड हवा पोटांत घेऊन तरंगतें, तेंच क्षणांत पेट घेतें. लंडनमध्यें १८४४ च्या डिसेंबरांत क्लारा वेब्स्टर हिचा घेर भर प्रयोगांत दिव्यावर पेटला आणि तीन दिवसांनीं ती मरण पावली. फिलाडेल्फियांत १८६१ मध्यें एकीला वांचवावयास दुसरी धांवली, अशा रीतीनें एका रात्रींत निदान सहा नर्तकी जळून गेल्या.

यांत सर्वांत हृदयद्रावक कथा एमा लिव्री हिची आहे. तिचा जन्म १८४२ चा. सोळाव्या वर्षीं तिनें 'ला सिल्फीद'मध्येंच पदार्पण केलें, आणि तिला पाहावयास निवृत्त झालेली ताल्योनी इटलीहून पॅरिसला आली. आपली कला पुढें नेणारी मुलगी तिला सांपडली होती. तिनें एमाला हाताशीं धरून शिकविलें आणि १८६० मध्यें तिच्यासाठीं 'ल पापियों', म्हणजे 'फुलपाखरूं', हा बॅले स्वतः रचला. त्याला संगीत ओफेनबाखचें होतें. त्यांत फुलपांखरू झालेली नायिका मशालीच्या ज्योतीकडे ओढली जाते आणि तिचे पंख करपतात, असा प्रसंग आहे.

या अपघातांवर उपाय निघालेला नव्हता असें नाहीं. कार्तरों नांवाच्या गृहस्थानें तुरटी आणि टांकणखार यांच्या मिश्रणांत कापड भिजवून तें न पेटेल अशी युक्ति काढली होती, आणि १८५९ मध्यें सरकारी हुकूमानें ती रंगभूमीवर सक्तीची झाली होती. परंतु त्या द्रावणानें कापड ताठ, पिवळट आणि मळकट होई. घेराचा ढग नाहींसा होऊन त्याची पोत्यासारखी कळा होई. एमानें तें वस्त्र नाकारलें. आपण नेहमींच्याच घेरांत नाचूं, आणि जें होईल त्याची जबाबदारी आपली, अशा आशयाचें पत्र तिनें ऑपेराच्या संचालकांना १८६० मध्यें लिहून दिलें. ता. १५ नोव्हेंबर १८६२ रोजीं एका संगीतिकेच्या तालमींत आपल्या प्रवेशाची वाट पाहत असतां तिनें घेर झटकून सारखा केला. त्याच्या वाऱ्यानें ज्योत उफाळली आणि घेर पेटला. ती जळत रंगभूमीवर धांवली. विझविणाऱ्यांनीं तिला ओल्या कांबळ्यांत गुंडाळीपर्यंत व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. पुढें आठ महिने यातना भोगून ती २६ जुलै १८६३ रोजीं मरण पावली. तेव्हां तिला एकविसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें.

या मुलीला हट्टी किंवा नटवी म्हणणें सोपें आहे, आणि तसें म्हणणारे भेटतातहि. आमचें मत तसें नाहीं. ज्या प्रेक्षकांनीं तिच्याकडून ढगाचीच अपेक्षा केली, ज्या संचालकांनीं तिचें पत्र दप्तरीं ठेवून तिला त्याच ज्योतींजवळ उभें केलें, त्यांच्या हातांत दिवे हलविणें किंवा त्यांना जाळीचीं आवरणें घालणें हें खात्रीनें होतें. तिच्या हातांत केवळ आपली कला बिघडूं न देणें एवढेंच होतें. धोक्याच्या जागीं काम करणाऱ्याकडून 'जबाबदारी माझी' असें लिहून घेतलें म्हणजे काम करवून घेणारा मोकळा होतो, ही समजूत जुनी आहे, आणि ती अजून गेलेली नाहीं. रंगभूमीवरील हें भय पुढें विजेच्या दिव्यांनीं दूर केलें. लंडनचें सॅव्हॉय नाट्यगृह १८८१ मध्यें विजेनें उजळलें, आणि मग हळूहळू इतर नाट्यगृहांतूनहि त्या ज्योती गेल्या.

त्याच १८८१ मध्यें पॅरिसमध्यें देगा या चित्रकारानें चौदा वर्षांच्या नर्तकीचा एक मेणाचा पुतळा प्रदर्शनांत मांडला आणि त्याला खऱ्या कापडाचा घेर नेसविला. लोक दचकले. ऑपेरांत शिकणाऱ्या मुली बहुधा फार गरिबीच्या घरांतल्या असत. या पुतळ्याला नमुना म्हणून उभी राहिलेली मारी ही एका धोबिणीची मुलगी होती, आणि पुढल्याच वर्षीं तिला ऑपेरांतून काढून टाकण्यांत आलें. ऑपेराचे धनिक वर्गणीदार पडद्यामागच्या दालनांत या मुलींकडे कोणत्या नजरेनें पाहत, हें देगाच्या चित्रांतील काळ्या कोटांच्या आकृति न बोलतां सांगतात. कोणी वाचक आखूड वस्त्राला अनीतीचें मूळ समजत असतील, तर त्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं, हा बाजार पोटरीपर्यंतच्या घेराच्या काळांतच भरास आलेला होता. दोष वस्त्राच्या लांबीचा नव्हता, तो दारिद्र्याचा आणि पैशाच्या अधिकाराचा होता.

घेर खरोखर आखूड झाला तो निराळ्या कारणानें, आणि पॅरिसपासून दूर. इटलींत मिलान येथील शाळेंत पायाच्या अग्रावर उभें राहून वेगानें गिरक्या घेण्याचें तंत्र वाढलें. तेथें तयार झालेल्या नर्तकी रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथें गेल्या. त्यांतील व्हिर्जीनिया झुक्की हिनें १८८५ च्या सुमारास तेथील लांब घेर नाकारून आखूड घेराचा आग्रह धरला. पुढें पिएरिना लेन्यानी हिनें एका पायावर उभें राहून लागोपाठ ३२ गिरक्या घेण्याचा विक्रम केला, आणि १८९५ मध्यें पेतिपा व इव्हानोव्ह यांनीं नव्यानें बसविलेल्या 'हंस सरोवरां'त तोच चमत्कार घातला. अशा गिरकींत गुडघा कोठें आहे, मांडी किती वळली, तोल कोठें सांभाळला हें सर्व दिसलेंच पाहिजे. लांब घेर तेथें पायांत अडकतोहि आणि कलाहि लपवितो. म्हणून घेर वर वर सरकत कमरेशीं आडवा झाला. पुढें त्यांत तार घालून तो थाळीसारखा सपाटहि करण्यांत आला. जी गोष्ट कामार्गोनें चार बोटांनीं आरंभिली, ती येथें पुरी झाली. येथें आणखी एक गंमत झाली. लांब घेर नर्तकीला अशरीरी करीत असे. हा आखूड घेर तिचें शरीर आणि त्यामागचे कष्ट उघडे करतो, आणि तरी कमरेखालीं जणूं आडवा ढग ठेवून वरच्या अर्ध्या देहाला तरंगत ठेवतो. सत्य आणि भास हीं दोन्ही एकाच वस्त्रांत नांदूं लागलीं.

हें साधण्यासाठीं शिवणकाम किती लागतें, याची प्रेक्षकांना कल्पना नसते. एका चड्डीवर जाळीच्या दहाबारा झालरी चुण्या घालून, खालून वर, सर्वांत आखूड आधीं आणि सर्वांत रुंद शेवटीं, अशा क्रमानें बसवितात. मग थर एकमेकांना लांब व सैल टांक्यांनीं आंतून असे जोडतात कीं, ते वेगळे फांकूं नयेत आणि तरी हालूं शकावेत. टांका आवळला तर घेर मरतो, सैल राहिला तर विस्कटतो. वरची चोळी अनेक तुकड्यांची असते. ती छाती आवळून धरते, पण श्वास अडवीत नाहीं. मागें आंकड्यांच्या दोनतीन ओळी असतात, कारण तेंच वस्त्र उद्यां दुसरीच्या अंगावर जावयाचें असतें. जुन्या चोळीच्या आंत एकाखालीं एक अशा कित्येक नर्तकींच्या नांवांच्या पट्ट्या आढळतात. शिवणारणींचीं नांवें मात्र कोठेंहि नसतात.

विसाव्या शतकाच्या आरंभीं या वस्त्राविरुद्ध बंड झालें. अमेरिकेची इझाडोरा डंकन १९०४ मध्यें सेंट पीटर्सबर्गला सैल अंगरख्यांत आणि अनवाणी नाचली. चोळी आणि जोडे हीं स्त्रीदेहाचीं बंधनें होत, असें तिचें म्हणणें होतें. रशियांतील फोकीन यानेंहि कथेप्रमाणें पोषाख असावा, सरसकट टुटू नको, असा पक्ष मांडला. पण त्याच फोकीननें 'ले सिल्फीद' या आपल्या बॅलेंत ताल्योनीचा लांब पांढरा घेर पुन्हा आणला, आणि ॲना पाव्हलोवा हिच्यासाठीं रचलेल्या 'मरणोन्मुख हंस' या चार मिनिटांच्या नृत्यांत टुटूलाच पंख केलें. त्या नृत्यांत एकहि उडी नाहीं, विक्रमी गिरकी नाहीं; एक पक्षी मरतो इतकेंच आहे.

ही पाव्हलोवा १९२२ च्या सुमारास आपल्या मुंबईसहि आली होती. येथें तिचें कौतुक झालें. पण ती स्वतः मात्र आमचें नृत्य पाहावयास उत्सुक होती. १९२३ मध्यें लंडन येथें तिनें तरुण उदय शंकर यांच्या साहाय्यानें राधाकृष्णाचें नृत्य रंगभूमीवर आणलें, आणि त्याच वर्षीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरहि एक बॅले केला. जी बाई जगांतील सर्वांत प्रसिद्ध टुटू नेसत होती, तिला दुसऱ्यांच्या वस्त्रांचा व नृत्यांचा इतका आदर असावा, ही आम्हांस शिकण्याजोगी गोष्ट वाटते. आणि आमच्यापैकीं ज्यांना भर सभेंत नाचणाऱ्या कुलीन स्त्रीची त्या काळीं लाज वाटत होती, त्यांना तर ती अधिकच शिकण्याजोगी होती.

त्यानंतरहि वस्त्र बदलत राहिलें. न्यूयॉर्क येथें १९५० मध्यें बार्बरा कारिन्स्का हिनें बॅलँशीनच्या बॅलेसाठीं तार काढून टाकली आणि थर कमी करून पावडरच्या फुलासारखा मऊ, किंचित् खालीं लवणारा घेर केला. त्याच शहरांत आर्थर मिचेल यांनीं १९६९ मध्यें कृष्णवर्णीय नर्तकांची संस्था काढली, आणि पुढें तेथील नर्तकी टुटूखालीं गुलाबी तंग विजारीऐवजीं स्वतःच्या कातडीच्या रंगाची विजार घालूं लागल्या. लंडनमध्यें १९९५ साली मॅथ्यू बोर्न यांनीं हंसांचीं कामें पुरुषांना दिलीं आणि टुटूच काढून टाकला. वस्त्र पायाचें आहे, एखाद्या वर्णाचें किंवा दरबाराचें नाहीं, हीच गोष्ट यांतून सिद्ध होते.

पाव्हलोवा १९३१ च्या जानेवारींत हेग येथें वारली. शेवटच्या क्षणीं तिनें आपला हंसाचा पोषाख तयार ठेवावयास सांगितलें, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, लोकांना ती खरी वाटावी यांतच या वस्त्राची मोहिनी कळते. प्रयोग संपल्यावर टुटू नेहमींच्या झग्यासारखा टांगीत नाहींत. जाळी लोंबून आकार जाऊं नये म्हणून तो उलटा करून ठेवतात, आणि कपाटांत ओळीनें तीं पांढरीं फुलें उमललेलीं दिसतात. परंतु पॅरिसच्या ऑपेरा-संग्रहालयांत एक असें वस्त्र आहे कीं, ज्याला उलटें ठेवण्याचें कारण उरलेलें नाहीं. एमा लिव्रीच्या पोषाखाच्या करपलेल्या चार चिंध्या तेथें जपून ठेवल्या आहेत. पुढच्या खेपेला तें पांढरें वर्तुळ रंगभूमीवर फिरतांना दिसेल, तेव्हां आमच्या वाचकांनीं त्याचा आनंद खुशाल पोटभर घ्यावा. फक्त त्या चिंध्यांची एकदां आठवण ठेवावी.